आरवा हो

सारसोळ्याच्या जेट्टीवर विचारलं, हिराजी मढवी कुठे भेटेल,
तर पोरानं बोट खाली दाखवलं, चिखलाकडे.
ओहोटी होती.
खाडीनं अंगावरचं पाणी काढून ठेवलेलं,
आणि त्या काळ्या चकचकीत उघड्यावर
एक माणूस पोटावर सरकत होता,
छातीखाली फळी, दातांत टोपलीची दोरी,
बिळात कोपरापर्यंत हात घालून निवटे काढत.

मी ते सरकणं ओळखलं.
चेहरा नंतर.

आम्ही पडलो होतो तिथे खाडी नव्हती.
बर्फ विरघळून झालेला राडा, मांडीभर,
आणि समोरच्या सुळक्यावर एक मशीनगन,
जिला आमची नावं सोडून सगळं ठाऊक होतं.
माझा उजवा पाय बुटात होता, पण माझा नव्हता.
मी उठायला गेलो. माणदेशी माणूस मी,
आमच्याकडे संकट आलं की उभं राहतात.
तेव्हा कानाशी आवाज आला,
"उबा ऱ्हवू नको. आरवा हो. खारी समज."

खारी.
मला वाटलं, चहात बुडवायची.
डोक्यावरून गोळ्या जात होत्या
आणि मला म्हसवडच्या स्टँडवरची बरणी दिसली,
अर्धी रिकामी, झाकण तिरकं.
हसलो असेन. त्यानं माझी कॉलर धरली.

पदकाच्या कागदावर लिहिलंय:
शत्रूच्या गोळीबाराची पर्वा न करता.
खोटं आहे ते.
इतकी पर्वा करताना मी कुणाला पाहिलं नाही.
पट्टा बदलायला त्या गनला अकरा श्वास लागायचे.
तो मोजायचा, माझ्या पाठीवर, बोटानं.
अकरा झाले की थांबायचा,
तोंड राड्यात, माझंही दाबून,
वरून फैर निघून जायची,
मग पुन्हा एक, दोन.
नव्वद पावलांच्या वाटेला दीड तास लागला.

पहिला येल्लाप्पा. दुसरा मी.
तिसरा खामकर, वायरलेसवाला, जो वाटभर
मेलेल्या सेटवर कुणाला तरी हवामान सांगत होता.
चौथ्यांदा निघाला तेव्हा सुभेदार म्हणाले, मढवी, बस.
दिनकर गेलाय. मला दुर्बिणीतून दिसतोय.
हिराजीनं बुटातला राडा बोटानं काढला.
"भरती यायच्या आत आनतो," म्हणाला.
कुठली भरती, कुणी विचारलं नाही.
आणलं त्यानं.
आणि दिनकरला आणतानाही
तो प्रत्येक फैरीला थांबला,
त्याचंही डोकं खाली दाबलं,
लागू नये म्हणून.

आता तो वर आला. अंगावर चिखल वाळत होता,
फक्त डोळे ओले.
आधी माझा पाय पाहिला, मग मला.
खाली बसून नडगीवर बोटाच्या पेरानं ठोकलं,
होडीची फळी ठोकून बघतात तसं.
"लाकूर?"
फायबर, मी म्हणालो.
"मंग बरा. होऱ्या पन आता फायबरच्याच."
बावीस वर्षांनी एवढंच.
मी गाडीत पाठ केलेलं सगळं
खिशात तसंच राहिलं, तिकिटाशेजारी.

चांगुणा परातीत निवटे निवडत होती,
पाठीशी पाम बीच रोडच्या काचेच्या इमारती.
मान वर न करता तिनं विचारलं,
"यो कितवा?"
"दुसरा."
तिनं मान डोलावली,
उधारीच्या वहीत एक नाव खोडावं तशी.
मग थोड्या वेळानं, माझ्याकडे की पातेल्याकडे कोण जाणे,
"चवथ्याची आय येते दर साल.
मासली खात नाय. शेंगा आनते पोरांना.
हितंच बसते, चिखलाकरं बगत.
पानी चरला की उठते, जाते."

खाली पाणी चढायला लागलं होतं.
बिळं एकेक करून बुजत होती.
हिराजी नळाखाली पाय धूत होता.
मी उठलो नाही.